नव्वद दिवसांची भाकरी

जगात ताज्या भाकरीपेक्षा शिळ्या भाकरीला जास्त मान देणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. लग्नानंतर आम्ही दोघं पहिल्यांदा देवळाली कॅम्पात त्यांच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा नव्या जावयाला निदान श्रीखंड तरी मिळेल या आशेवर मी सकाळपासून पोट रिकामं ठेवलं होतं. ताटात मटकीची उसळ होती, ठेचा होता, लोण्याचा गोळा होता आणि दोन बाजूंना नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, दोन भाकऱ्या होत्या. मी हात घालणार तेवढ्यात मामांनी वही उघडली. "जावईबापू, डावीकडची सतरा दिवसांची, उजवीकडची तेवीस. डोळे मिटून खा आणि फरक सांगा. घाई नको, आणि मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नका." मी खाल्लं. फरक एवढाच होता, की डावीकडची चावता येत नव्हती आणि उजवीकडची तोडताच येत नव्हती. तसं मी भीत भीत सांगितलं. मामांनी ते जसंच्या तसं टिपून घेतलं, खाली माझी सही घेतली आणि पाठीवर थाप मारली. "शाब्बास! तुमच्या सासऱ्यांनी अडीच वर्षं 'छान आहे, छान आहे' म्हणून माझं सगळं संशोधन मागं नेलं." त्या दिवसापासून मी त्यांचा अधिकृत खाणारा झालो, आणि पुढची नऊ-दहा वर्षं माझे दात त्या नोकरीत झिजले.

मामा कॅम्पातल्या लष्कराच्या रेशन स्टोअरमध्ये स्टोअरकीपर होते. म्हणजे गणवेश नाही, बंदूक नाही, हाताशी असायचे ते डाळीचे कट्टे आणि चहाच्या पेट्या. पण कोथिंबिरीची जुडी आणायला निघाले तरी पहिला पाय डावा टाकत, आणि मामींनी चहा झाला म्हणून हाक मारली की "आलो" न म्हणता "हजर" म्हणत. एकाहत्तरच्या लढाईच्या दिवसांत देवळाली स्टेशनावर जवानांची गाडी उभी होती आणि मामा तिच्यात डबाबंद खाण्याच्या पेट्या चढवून घेत होते. एका जवानानं घरून आणलेली भाकरी फडक्यातून काढली. चार दिवसांची होती. त्यानं ती गुडघ्यावर मोडून पाहिली, बुटाच्या टाचेखाली धरून पाहिली, शेवटी चहात बुडवली. चहा संपला, भाकरी होती तशीच राहिली. मग त्यानं ती पुसून पुन्हा फडक्यात बांधली. मामा म्हणाले, "अरे, टाकून दे ना." तो म्हणाला, "आयनं भाजलीया, काका. टाकू कशी?" गाडी निघून गेली. मामा घरी आले ते न जेवताच झोपले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनशे पानी वही आणून पहिल्या पानावर लिहिलं, 'सैनिकासाठी भाकरी. नव्वद दिवस टिकावी, हातानं तुटावी, घरची वाटावी.' ही हकीकत ते मला वर्षातून एकदा तरी सांगत, आणि 'टाकू कशी' या शब्दांशी आले की दर वेळी चष्मा पुसत.

आता एवढ्यावर एखाद्या साध्या माणसानं पिठात चार थेंब तेल घालून पाहिलं असतं आणि सोडून दिलं असतं. मामांनी जगातल्या सगळ्या सैन्यांची पोटं तपासायला घेतली. साहेबलोकांच्या बंगल्यांवरून रद्दीत जाणारी इंग्रजी मासिकं ते उचलून आणत आणि शब्दकोश मांडीवर घेऊन वाचत. त्यामुळे कुठला देश कोणती तोफ बनवतो याचा त्यांना गंध नव्हता, पण कुठला देश तोफेमागच्या माणसाला काय खाऊ घालतो हे त्यांना पाठ होतं. "रशियानं काळा पाव वाळवून वाळवून त्याचा असा तुकडा केलाय, की बर्फात पडला तरी हूं का चूं करत नाही. जपानी लोक शिजवलेला भात वाळवतात, पाणी घातलं की पुन्हा भात. अमेरिकेचं तर विचारूच नका. डब्यात केक! त्यासाठी त्यांच्याकडं पांढरे कोट घातलेली माणसं दिवसभर केककडे बघत बसतात." एवढं झाल्यावर ते क्षणभर थांबत आणि माझ्याकडे रोखून बघत. "आणि भाकरी? कुणी हात लावलाय भाकरीला? एकानं नाही." जणू सगळ्या बड्या राष्ट्रांनी भाकरीपुढं हात टेकले होते आणि आता सगळी मदार आमच्या मामींच्या परातीवर होती.

मामांनी दिल्लीतल्या निरनिराळ्या वकिलातींनाही पत्रं लिहिली होती. 'आपल्या सैन्याचा पाव किती दिवस टिकतो व त्याचे रहस्य काय, हे कळवल्यास आभारी होईन.' एका देशाकडून उत्तरादाखल ट्रॅक्टरची रंगीत चित्रं असलेलं मासिक आलं आणि ते पुढं सहा वर्षं फुकट येत राहिलं. मामींनी त्याची पानं फडताळात अंथरली. दुसऱ्या एका देशानं भिंतीवरचं कॅलेंडर पाठवलं. तिसऱ्यानं मात्र अशी माहिती देता येत नाही म्हणून अदबीनं कळवलं, आणि मामांना त्या एका पत्राचा जेवढा आनंद झाला तेवढा दुसऱ्या कशाचाच झाला नाही. "बघितलंत? नाही म्हणतायत! म्हणजे आहे त्यांच्याकडं काहीतरी." तेव्हापासून ते स्वतःही सावध झाले. पिठाचं मिश्रण कुणाला कळू नये म्हणून नागली एका गिरणीत आणि तांदूळ दुसऱ्या गिरणीत दळून आणू लागले. दोन्ही गिरणीवाल्यांना ते परराष्ट्राला फितूर असण्याची शक्यता वाटत होती.

चाचण्यांसाठी मामांना लडाख, आसाम आणि राजस्थान हवं होतं, आणि जवळ होता फक्त नाशिक जिल्हा. पण त्यांनी हार मानली नाही. लडाख म्हणून त्यांनी नाशिकरोडचा एक बर्फाचा कारखाना धरला. तिथल्या मुकादमाच्या हातापाया पडून ते बर्फाच्या लाद्यांमध्ये भाकऱ्या ठेवून येत. आसामचा पाऊस इगतपुरीत होता. तिथं माझा एक चुलतभाऊ रेल्वेत होता, त्याच्या क्वार्टरमध्ये ऐन श्रावणात आठ दिवस भाकऱ्या दोरीवर टांगलेल्या असत आणि त्याची बायको आल्यागेल्याला काय सांगावं या विवंचनेत असे. राजस्थानसाठी मालेगाव. मे महिन्यात मामांनी मला तिथल्या त्यांच्या एका यंत्रमागवाल्या मित्राकडे पिशवी घेऊन पाठवलं. त्याच्या पत्र्यावर भाकऱ्या चार दिवस तापत ठेवल्या. पाचव्या दिवशी त्या खाली काढल्या तेव्हा मित्रानं एक उचलून बोटाच्या पेरानं वाजवली आणि मला विचारलं, "भाऊ, हाई भाकर शे का फरशी शे?" मी ते परत येऊन मामांना सांगितलं. मामांनी वहीत लिहिलं, 'वाळवंट: अनुकूल नाही.'

विमानातून खाली टाकायच्या भाकरीची चाचणी त्यांनी स्वतःच्या घराच्या गच्चीवरून केली. छत्रीच्या जुन्या कापडाचं पॅराशूट शिवलं होतं. ते उघडलं नाही. चौदाव्या तुकडीची ती भाकरी शेजारच्या पडवीचं कौल फोडून आत गेली. शेजारी भाकरी हातात घेऊन भांडायला आला तर मामांनी आधी तिच्याकडं पाहिलं आणि मामींना हर्षानं हाक दिली, "अगं, अख्खी आहे! तडासुद्धा नाही!" बाविसाव्या तुकडीला टिकण्यासाठी रम चोळली होती. ती गोष्ट त्यांनी मला सांगितली नाही, कारण खाणाऱ्याचं मत निर्मळ असावं लागतं. मी सकाळी दोन भाकऱ्या खाऊन कचेरीत गेलो. आमच्या हेडक्लार्कनं माझ्या टेबलापाशी येऊन दोनदा नाक वर केलं आणि म्हणाला, "घरी काही दुःख आहे का?"

या सगळ्या खटाटोपात भाकऱ्या भाजायच्या मामी. त्या पेठ तालुक्याकडच्या. नागलीची भाकरी थापावी तर त्यांनीच. पीठ गरम पाण्यात मळून परातीत अशी फिरवायच्या की बघणाऱ्यानं बघत राहावं, आणि तव्यावरून निखाऱ्यावर गेली की भाकरी टम्म फुगायची. ती फुगलेली भाकरी निवेपर्यंत मामा पंखा घेऊन तिच्यापुढं बसत. मग तिला बटरपेपरात गुंडाळायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचं, पिशवीचं तोंड करवतीच्या दोन पात्यांत धरून मेणबत्तीवर चिकटवायचं, वर चिठ्ठी लावायची. तुकडीचा आकडा, भाजल्याची तारीख, उघडण्याची तारीख. पिशव्या चिकटवण्यात मामींचा हात मामांपेक्षा साफ होता. आणि स्वतः मामा जेवायचे ते त्या दिवशी ज्यांची मुदत भरली असेल त्या भाकऱ्या. चुलीपुढं बसून त्यांनी गरम भाकरी खाल्ल्याचं मी कधी पाहिलं नाही. मामी रोज म्हणायच्या, "अवो, एक तरी खा ना. तव्यावरची हाय." मामांचं उत्तर ठरलेलं, "अगं, गरम भाकरीत संशोधन काय आहे? ती तर कुणीही खाईल." मामी पुढची भाकरी थापायला घ्यायच्या. मला मात्र ते ऐकवत नसे. एकदा मामा बाहेर गेले असताना त्या मला वाढता वाढता म्हणाल्या, "तुमी तरी खाताय म्हून थापायला बरं वाटतं, जावयबापू. नायतर मी भाजायची नि त्यांनी पुरायची, असं झालंय." आणि हसल्या. ते बोलणं मी मामांना कधी सांगितलं नाही.

शेवटी एक्केचाळिसावी तुकडी जमली. तीळ, गूळ, लिंबाचा रस आणि आणखी काय काय घालून भाजलेल्या त्या भाकऱ्या साठाव्या दिवशी हातानं तुटत होत्या. माझी सही आहे तशी वहीत. चवीबद्दल मी 'औषधी' असा शेरा मारला होता, मामांनी तो गौरव समजून घेतला. त्यांनी अर्जांवर अर्ज केले होतेच. योगायोगानं लष्कराच्या तंबूंची तपासणी करायला तीन अधिकाऱ्यांचं मंडळ कॅम्पात येणार होतं, आणि वरच्या कुठल्याशा दयाळू साहेबानं त्यांच्या कामात 'भाकरी, एक नग पदार्थ' असं शेवटचं कलम घालून दिलं. मामांच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते. आत्ता झालं तर झालं, नाहीतर कधीच नाही, हे ते स्वतःच आम्हाला सांगत. तपासणीचा दिवस म्हणजे तुकडीचा बरोब्बर नव्वदावा दिवस. मामांनी आठवडाभर आधीपासून दाढी दिवसातून दोनदा करायला सुरुवात केली. पदार्थ बनवणारा हजर हवा असं पत्रात होतं, म्हणून मामींनाही न्यायचं ठरलं. मी कचेरीत रजा टाकली आणि पत्र्याची पेटी माझ्या सायकलच्या कॅरियरला बांधली.

गोदामामागच्या शेडमध्ये टेबल मांडलं होतं. मधोमध एक धिप्पाड पंजाबी कर्नल आणि दोन्ही बाजूंना दोन तरुण अधिकारी. सकाळपासून तंबू बघून तिघंही कंटाळलेले दिसत होते. मामांनी सॅल्यूट ठोकला, जो त्यांनी ठोकायचं काही कारण नव्हतं. पेटी उघडली. कर्नलनं चिठ्ठी वाचली, तारीख दोनदा ताडून पाहिली, कात्रीनं पिशवी कापली आणि भाकरी नाकाशी नेली. त्याच्या भुवया वर गेल्या. त्यानं तुकडा तोडला. तो अलगद तुटला. त्यानं खाल्ला. मग आणखी एक तोडला, जो तपासणीसाठी जरुरीचा नव्हता. "कमाल है," तो म्हणाला. "नब्बे दिन?" बाकीच्या दोघांनीही हात पुढं केले. दाराशी पहाऱ्यावर एक मराठी जवान उभा होता, त्याला बोलावून एक दिली. तो उभ्या उभ्या खाऊ लागला, आणि अर्ध्यावर थांबून मामींकडे बघत म्हणाला, "घरच्यावाणी हाय जी. डिट्टो घरच्यावाणी."

त्या क्षणी मामांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला अजून दिसतं. इतकी वर्षं वाट बघितलेली गोष्ट समोर येऊन उभी राहिली की माणूस हसतही नाही. कर्नलनं कागद पुढं ओढला, काहीतरी लिहिलं आणि मामांपुढं सरकवला. सही करण्याआधी पदार्थ देणाऱ्यानं स्वतः खाऊन दाखवायचं, असा नियम होता. मामांनी तुकडा तोडला आणि तोंडात घातला. एकदा चावला. दुसऱ्यांदा चावलाच नाही. इतकी वर्षं रोज शिळी भाकरी खाल्लेल्या माणसाला ताजी भाकरी ओळखायला किती वेळ लागणार? त्यांनी मान वळवून मामींकडं पाहिलं. मामी पदराचं टोक बोटाला गुंडाळत जमिनीकडे बघत होत्या. मला सगळं कळलं. सही करायची होती फक्त. त्या शेडमध्ये ते कुणालाही कळलं नसतं. मामांनी पेन खाली ठेवलं, टाचा जुळवल्या आणि म्हणाले, "साब, ये आज सुबह की है."

कर्नलला आधी समजेनाच. मग मामींनीच तोंड उघडलं. साहेबाला मराठी कळतं की नाही याचा विचार न करता त्या बोलत सुटल्या, आणि तो जवान जमेल तसं हिंदीत सांगत गेला. "एवढ्या लांबून पाहुणं येणार, त्यांच्या पानात तीन मह्यन्याचं शिळं कसं वाढू? आमच्या घरी कुत्र्याला बी तसं घालत नाय. म्हून पहाटं उठले, नव्या भाजल्या, पिशव्या चिकटवल्या, जुन्या चिठ्ठ्या सोडवून खळीनं लावल्या. मला काय ठावं, याचं एवढं होईल म्हून. मला वाटलं, पाहुणं जेवून जातील." कर्नलनं टोपी काढून टेबलावर ठेवली आणि विचारलं, मग खऱ्या भाकऱ्या कुठं आहेत? त्या असतील तर आत्ता आणा, आम्ही थांबतो. मामांचा चेहरा उजळला. मी सायकलकडे वळलोसुद्धा. मामी अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "शेजारच्या म्हशीला घातल्या."

"भैंस ने खायी?" कर्नलनं विचारलं.

"दोन खाल्ल्या. बाकीच्या तुडवल्या नि तोंड फिरवलं."

कर्नलनं ते कागदावर लिहून घेतलं की नाही मला दिसलं नाही, पण एक्केचाळिसाव्या तुकडीच्या नव्वदाव्या दिवसाची जगातली एकमेव साक्षीदार ती म्हैस, हे मामांच्या लगेच ध्यानात आलं. त्यांनी अत्यंत गंभीरपणे विचारलं, "नंतर म्हैस कशी होती?" मामी म्हणाल्या, "बरी हाय." आणि मग तो धिप्पाड कर्नल असा हसायला लागला की टेबल हलू लागलं. तो हसला, बाकीचे दोघं हसले, जवान तोंडावर हात धरून हसला. कागद त्यांनी 'नमुना उपलब्ध नाही' असं लिहून मिटवला. पण पेटीतल्या भाकऱ्यांपैकी मात्र एकही परत आली नाही. निघताना कर्नलनं मामींना हात जोडले.

परतताना मामा पुढं, मामी चार पावलं मागं आणि त्यांच्यामागं रिकामी पेटी बांधलेली सायकल ढकलत मी. मला मामांची इतकी दया आली होती आणि मामींची इतकी काळजी वाटत होती, की घरी पोचूच नये असं वाटत होतं. घरी आल्यावर मामांनी बूट काढले, वही फडताळात ट्रॅक्टरच्या चित्रांवर ठेवली आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन चुलीसमोर पाट मांडून बसले. मामी दारातच थबकल्या. मामा त्यांच्याकडं न बघता म्हणाले, "पीठ उरलंय का थोडं?" मामींनी परात ओढली. पहिली भाकरी निखाऱ्यावर फुगली आणि ताटात पडली तशी मामांनी वाफेनं बोटं भाजून घेत तिचा तुकडा तोडला. खाल्ला. मग मला म्हणाले, "जावईबापू, रशियावाल्यांनी, अमेरिकावाल्यांनी घरच्या बायकांना काही विचारलं नसणार. त्याशिवाय का त्यांचं सगळं नीट पार पडलं?" मामींना हसू फुटलं, आणि त्याच वेळी त्या पदरानं डोळेही पुसत होत्या. त्या दुपारी मामांनी पाच भाकऱ्या खाल्ल्या. त्यानंतर त्या घरात एकही पिशवी चिकटवली गेली नाही.

मामी चार वर्षांनी गेल्या, चार दिवसांच्या तापानं. महिन्याभरानं मी मामांकडं गेलो तर ते स्वतः चुलीपुढं बसून भाकरी थापत होते. परातीतून उचलायला गेले की ती एकीकडून लांबायची, दुसरीकडून फाटायची. "हिचा बघा, नकाशावरचा जपान झाला," ते म्हणाले. तव्यावर तिला उलटताना पुढं म्हणाले, "तिच्या हातच्या हजारांनी भाकऱ्या मी पिशव्यांत बंद केल्या, जावईबापू. आता वाटतं, एक तरी राहिली असती." मग ते आपणच म्हणाले, "पण नंतरच्या चार वर्षांतल्या सगळ्या गरम खाल्ल्या. एक ठेवली नाही." त्यांनी तो जपान माझ्या ताटात टाकला. इतक्या वर्षांच्या सवयीनं मी आधी कड दाबून पाहिली, वास घेतला, मनातल्या मनात शेरा जुळवू लागलो. मामांनी माझ्या मनगटावर हलकेच हात ठेवला. "तपासू नका," ते म्हणाले. "खा. निवायला लागलीय."